चेहऱ्याच्या नसेवरची गाठ आणि गामा नाइफ: पहिल्या शंकेपासून फॉलोअपपर्यंत काय काय करायचं

आमच्या आत्याचं कराडला टेलरिंगचं दुकान आहे, ब्लाउज शिवते, आणि ब्लाउज शिवणाऱ्यांची एक सवय असते, टाचण्या ओठात धरायच्या आणि दोन्ही हातांनी कापड फिरवायचं. एक दिवस टाचणी ओठातून सुटून पडली. चार दिवसांनी परत. मग चूळ भरताना पाणी उजव्या बाजूनं ओघळायला लागलं, उजव्या डोळ्याखाली फडफडायला लागलं, आणि आजी म्हणाली बाईमाणसाचा उजवा डोळा फडफडणं काय बरं नव्हे, म्हणून शनिवारी मारुतीला तेल घालून झालं. डॉक्टरांनी बघून बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक अशक्त होऊन तोंड वाकडं होणं, असं सांगितलं, स्टेरॉइडचा कोर्स दिला, थोडा फरक पडला, सात महिन्यांनी परत तेच दुखणं आणि परत तोच कोर्स. असं करत पावणेदोन वर्षं गेली आणि मग एमआरआयमध्ये दिसलं की कानाच्या आतल्या हाडात, चेहऱ्याच्या नसेवरच १४ मिलिमीटरची गाठ आहे.

ही गाठ कॅन्सरची नव्हती. फेशियल नर्व्ह श्वानोमा म्हणतात हिला, नसेवर जे आवरण असतं ते बनवणाऱ्या श्वान पेशींपासून होते. इतकी दुर्मिळ की बऱ्याच ईएनटी डॉक्टरांना अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये एखाददुसरीच दिसते, त्यामुळे निदान उशिरा झालं म्हणून मी कोणाला शिव्या घालत नाही. (घातल्या होत्या तेव्हा, खोटं का बोला.) मी डॉक्टर नाही, आत्याचा भाचा आहे, फाइल घेऊन सगळीकडे मीच पळालो आणि त्या पळापळीत जे कळलं ते क्रमानं लिहून ठेवतोय. औषधाचा आणि ट्रीटमेंटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला माहीत पाहिजे.

आधी ही नस जाते कुठून ते समजून घ्या

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच डोक्यात शिरत नाही. सातव्या नंबरची ही नस मेंदूच्या खोडापासून निघते, ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेला चिकटून कानाच्या हाडात शिरते, तिथं जवळजवळ ३ सेंटिमीटर हाडाच्या बोगद्यातून वळणं घेत जाते, कानाच्या पाळीमागून खाली बाहेर पडते आणि गालातल्या लाळेच्या ग्रंथीतून पाच फांद्या होऊन चेहऱ्यावर पसरते. हसणं, डोळा मिटणं, कपाळाला आठ्या घालणं सगळं तिच्यावर. शिवाय जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव, डोळ्यातलं पाणी, आणि कानातला एक एवढासा स्नायू जो मोठा आवाज दाबतो, तोही.

बोगद्यातली सगळ्यात अरुंद जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. घाटातला बोगदा आणि त्यात एकच लेन असं समजा. गाठ जिथं बऱ्याचदा होते ती जागा, जेनिक्युलेट गॅन्ग्लियॉन, या अरुंद भागाला लागूनच आहे. म्हणून एवढीशी गाठसुद्धा चेहरा वाकडा करू शकते, आणि उलट मेंदूच्या बाजूला मोकळ्या जागेत मोठी गाठ असून चेहरा एकदम नॉर्मल असंही होतं. गाठीचा आकार आणि त्रास यांचं गणित इथं सरळ नाही.

बेल्स पाल्सी की दुसरं काही, हे कसं ओळखायचं

बेल्स पाल्सी झटक्यात येते. रात्री चांगले झोपलात, सकाळी तोंड वाकडं, दोन-तीन दिवसांत जे व्हायचं ते होऊन जातं. आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत सुधारायला लागतात. आपल्याकडे याला वारं लागलं म्हणतात, लकवा म्हणतात, कोण कबुतराचं रक्त लावायला सांगतं, आणि बेल्स पाल्सी मुळात आपोआप बरी होणारी असल्यामुळे कबुतराला फुकटचं श्रेय मिळून जातं.

आता एक गोष्ट आधी सांगतो. तोंड अचानक वाकडं झालं आणि बरोबर हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, किंवा वाकडं फक्त खालच्या अर्ध्यात आहे आणि कपाळावर आठ्या नीट पडतायत, तर तो मेंदूचा झटका असू शकतो, हा लेख बंद करा आणि हॉस्पिटल गाठा.

गाठीची चाल वेगळी असते. अशक्तपणा हळूहळू येतो, तीन आठवड्यांनंतरही वाढतच राहतो. किंवा त्याच बाजूला परत परत अटॅक येतो. किंवा तीन-चार महिने झाले तरी चेहऱ्यात काडीचा फरक नाही. चेहरा फडफडतो, त्याच बाजूचं ऐकू कमी येतं, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, कधी चक्कर, कधी गालात कानाखाली गोळा लागतो. यातलं एकजरी असलं तर तिसऱ्यांदा स्टेरॉइडचा कोर्स घेत बसू नका, स्कॅन करायला सांगा. आत्याला यातली तीन लक्षणं होती, ऐकू कमी येतंय हे तर ती मशिनच्या आवाजामुळे म्हणून सोडून देत होती.

डोळा, आजच्या आज

खरं तर हे सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. गाठीचं निदान होईल, निर्णय होईल, त्यात महिने जातील, पण डोळा पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ आठवड्याभरातसुद्धा खराब होऊ शकतं. दिवसभर दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप, शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेले, रात्री झोपताना मलम आणि वरून पापणी नीट मिटून टेप. टेप लावताना पापणी उघडी राहिली तर टेपच बुबुळावर घासतो, त्यामुळे पहिल्यांदा डोळ्याच्या डॉक्टरांकडूनच शिकून घ्या. टू-व्हीलरवर काचेचं हेल्मेट किंवा बंद गॉगल, फॅनचा झोत तोंडावर नको, चुलीपुढं बसणं नको. डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धुरकट दिसायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा. गाठ हळू वाढणारी आहे, तिच्यासाठी थोडं थांबता येतं, डोळ्याचं तसं नसतं.

स्कॅन कुठला, ते चिठ्ठीवर नीट लिहून घ्या

आमची चूक इथं झाली. पहिल्या वेळी चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' होतं, कॉन्ट्रास्ट (स्कॅनवर चमकावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) नाही, चित्राचे काप जाड जाड, आणि रिपोर्ट आला नॉर्मल. एवढी छोटी गाठ जाड कापांच्या मधल्या फटीत सुटून जाते. पाहिजे असतो तो कॉन्ट्रास्ट देऊन केलेला, आतल्या कानाचा, बारीक कापांचा एमआरआय, आणि तो मेंदूच्या खोडापासून खाली गालातल्या ग्रंथीपर्यंत पूर्ण नस दाखवणारा हवा, कारण ही गाठ बऱ्याचदा एकाच जागी नसते, नसेच्या दोन-तीन भागांत माळेसारखी पसरते. जोडीला टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाच्या हाडाचा, हाय रिझोल्यूशन सीटी, त्यात बोगदा कुठं रुंद झालाय, हाड कुठं झिजलंय ते कळतं. त्याच जागी रक्तवाहिन्यांचीही एक साधी गाठ होते, हेमॅन्जिओमा म्हणतात, तिच्यात सीटीवर हाड मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार दिसू शकतं आणि तिची ट्रीटमेंट वेगळी आहे, म्हणून सीटी टाळू नका.

कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन तपासतात, किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. आणि सीडी घ्याच, फिल्मवर भागत नाही. पुढं प्रत्येक डॉक्टर सीडीच मागतो.

रिपोर्ट आल्यावर एक सेकंड ओपिनियन न्यूरोरेडिओलॉजिस्टचं, म्हणजे मेंदू आणि नसांचे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं घ्या. दोन कारणं. बेल्स पाल्सीतही नस कॉन्ट्रास्टनं चमकते, ती गाठ नसते. आणि गाठ जर फक्त आतल्या कानाच्या नळीत असेल तर ती चेहऱ्याच्या नसेची की शेजारच्या तोलाच्या नसेची हे स्कॅनवर सांगणं भल्याभल्यांना जमत नाही. तोलाच्या नसेची गाठ कितीतरी जास्त कॉमन आहे, त्यामुळे बरेच वेळा तीच समजून ऑपरेशनला घेतात आणि उघडल्यावर कळतं की ही तर फेशियलची निघाली.

कोणी बायोप्सी म्हणालं तर थांबा. नसेवरच्या गाठीचा तुकडा काढणं म्हणजे नसेचाच तुकडा काढणं, चेहरा जागेवर लुळा पडू शकतो. स्कॅनवर चित्र स्पष्ट असेल तर तुकडा न काढताच निदान धरून पुढं जातात. गालात गोळा असेल तर तिथं सुई घालायच्या आधीसुद्धा तो नसेचा असू शकतो का, हे विचाराच.

चेहऱ्याचा हिशेब ठेवा

डॉक्टर लोक चेहऱ्याला ग्रेड देतात, हाउस-ब्रॅकमन म्हणतात, लॉस एंजेलिसच्या दोन कानाच्या सर्जननी १९८५ मध्ये ठरवलेली मोजणी आहे आणि अजून जगभर तीच चालते. एक म्हणजे नॉर्मल. दोन म्हणजे नीट बघितलं तरच कळतं. तीन म्हणजे फरक दिसतो पण जोर लावून डोळा पूर्ण मिटतो. चार म्हणजे डोळा पूर्ण मिटतच नाही. पाचमध्ये जेमतेम हालचाल आणि सहामध्ये काहीच नाही.

ही ग्रेड प्रत्येक व्हिजिटला फाइलवर लिहून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय त्या आकड्यावर फिरतो आणि डॉक्टर बदलला की आठवणीतून काही सांगता येत नाही. आणि घरी महिन्यातून एकदा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्याच खिडकीसमोर, त्याच उजेडात: कपाळ वर उचल, डोळे हलके मिट, मग घट्ट मिट, नाक आक्रस, दात दाखव, ओठांचा चंबू कर. आत्या आधी लाजायची, मग म्हणायला लागली की चल रे माझं शूटिंग घे. पण त्या व्हिडिओंमुळेच आम्हाला कळलं की पाच महिन्यांत ती दोनवरून तीनवर आलीय, रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही.

ऑडिओग्रामही त्याच वेळी करून घ्या, नुसता आवाज ऐकू येतो का एवढंच नाही, शब्द किती कळतात तेही तपासतात. ट्रीटमेंटनंतर ऐकू कमी आलं म्हणाल तर कशाशी ताडून बघणार?

थांबायचं, किरणांचा शेक द्यायचा की कापायचं

आता मुख्य मुद्दा. आपल्या डोक्यात एकच असतं, गाठ आहे ना मग काढून टाका. इथं तो विचार महागात पडतो. ही गाठ नसेच्या आतूनच उगवलेली असते, पूर्ण काढायची तर बहुतेक वेळा नस कापावी लागते आणि मग पायातून किंवा मानेतून दुसरी नस आणून जोडतात. जोड चांगला बसला तरी चेहरा परत येतो तो फार तर ग्रेड तीनपर्यंत, आणि त्यालाही वर्षभर लागू शकतं. म्हणजे ज्याचा चेहरा आज ग्रेड एक किंवा दोन आहे त्याला गाठ काढून आपण तीन किंवा चारवर नेऊन ठेवणार. म्हणून या दुखण्यात चेहरा किती दिवस आणि किती चांगला टिकतो हे बघायचं असतं, गाठ अंगात राहिली तरी चालते.

मोटामोटी विचार असा चालतो. चेहरा चांगला आहे, गाठ छोटी आहे, वाढत नाहीये, तर काहीच करू नका, सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एमआरआय. बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात. काहीच न करणं आपल्याला जमत नाही हा भाग वेगळा, आमच्याकडे काका म्हणायचे की डॉक्टर काहीच करत नाहीत म्हणजे डॉक्टर बदला.

गाठ वाढतेय हे दोन स्कॅनवर दिसलं, किंवा चेहरा घसरायला लागला पण अजून दोन-तीनच्या आसपास आहे, आणि गाठ साधारण ३ सेंटिमीटरच्या आत आहे, तर इथं रेडिओसर्जरीचा, म्हणजे न कापता नेमक्या जागी किरणांचा शेक देण्याचा विचार होतो, गामा नाइफ त्यातलंच. आणि चेहरा चार-पाच-सहावर गेलाय, किंवा गाठ मोठी होऊन मेंदूच्या खोडाला दाबतेय, तर ऑपरेशनच. लुळा पडून वर्ष-दीड वर्ष उलटलं की नस जोडून फायदा कमी कमी होत जातो, त्यामुळे तिथं वाट बघत बसू नका. मधला एक पर्याय असतो, गाठ न काढता फक्त भोवतीचं हाड कोरून नसेला जागा करून द्यायची, डीकम्प्रेशन म्हणतात. गाठ त्या अरुंद बोगद्यात असेल तर काही सर्जन हे आधी करून मग शेक देतात. तुमच्या केसमध्ये लागेल का हे विचारा.

दोन्ही बाजूंना गाठी असतील, घरात आणखी कोणाला असतील किंवा वय अगदी लहान असेल तर एनएफ टू या आनुवंशिक आजाराची तपासणी आधी. प्रेग्नन्सीत शेक पुढं ढकलतात.

गामा नाइफमध्ये सुरी नसते

आत्याला नाव ऐकूनच घाम फुटला होता. नाइफ म्हणजे सुरी, मग टाके किती? टाका एकही नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली, की कवटी न उघडता बऱ्याच दिशांनी बारीक किरण एका ठिपक्यावर आणायचे. एकेक किरण इतका हलका की वाटेतल्या मेंदूला काही कळत नाही, पण सगळे जिथं भेटतात तिथं जोरदार डोस बसतो. लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल तर तेच, फक्त एका भिंगाच्या जागी इथं जुन्या मशिनमध्ये २०१ आणि नव्यात १९२ कोबाल्ट-६० चे सोर्स गोल बसवलेले असतात. पहिलं मशिन साठीच्या दशकाच्या शेवटी स्टॉकहोममध्ये चालू झालं. आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये आणि दिल्लीच्या एम्समध्ये नव्वदच्या दशकात आलं, चंदीगडचं पीजीआय आणि बंगळुरूचं निम्हान्स इथंही आहे. सायबरनाइफ आणि लिनॅकवरची रेडिओसर्जरी हे त्याचेच भाऊ, तिथं कोबाल्टऐवजी एक्स-रे वापरतात. माझं मत विचाराल तर मशिनच्या ब्रँडपेक्षा ते चालवणाऱ्या टीमनं अशा किती केसेस केल्यात हे जास्त बघा.

डोस ग्रे मध्ये मोजतात. या गाठीच्या कडेला एकदाच १२ ते १३ ग्रे देतात, आणि गामा नाइफमध्ये कडेची रेघ बहुतेक ५० टक्क्यांची धरतात म्हणजे गाठीच्या मधोमध दुप्पट डोस बसतो. शेजारी कॉक्लिया म्हणजे ऐकण्याचा शंख असतो, त्याला सरासरी ४ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. या किरणांनी गाठ विरघळून जात नाही. पेशींचा डीएनए तुटतो, त्यांना पुढं वाढता येत नाही, हळूहळू गाठीचा रक्तपुरवठाही आटतो. म्हणून यश म्हणजे गाठ थांबली. लहान झाली तर बोनस.

आकडे द्यायचे तर फार मोठे अभ्यास नाहीत, आजारच दुर्मिळ. जपानमधल्या बऱ्याच सेंटरनी मिळून ४२ पेशंटचा हिशेब मांडला तो यातला मोठ्यांपैकी एक, यावरून कल्पना करा. पण जे अभ्यास आहेत त्यात साधारण दहातल्या नऊ किंवा जास्तच लोकांची गाठ थांबलेली दिसते, चेहरा बहुतेकांचा होता तसा राहतो, काहींचा सुधारतो, थोड्यांचा बिघडतो. आधीच गेलेला चेहरा परत येईल असं वचन कोणी देत असेल तर जरा जपून. शेकानं पुढं त्याच गाठीचा कॅन्सर व्हायची शक्यता शून्य नाही, पण ती फारच क्वचित घडणारी गोष्ट आहे, तरी विशी-तिशीतल्या पेशंटनं हा मुद्दा डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलावा.

सेंटरला गेल्यावर

आम्ही वहीत प्रश्न लिहून नेले होते, ते तसेच देतो. चेहऱ्याच्या नसेच्या गाठी तुम्ही किती केल्यात, नुसत्या तोलाच्या नसेच्या नव्हे? प्लॅन करताना न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट तिघंही बसतात का? कडेला डोस किती, शंखाला किती? एका बैठकीत देणार की तीन-पाच बैठकांत विभागून, आणि का? फ्रेम की मास्क? गाठ माळेसारखी आहे तर सगळे मणी कव्हर होणार का? आणि शेवटचा, ज्याचं उत्तर ऐकून आम्ही सेंटर ठरवलं: डॉक्टर, ही तुमची बहीण असती तर तुम्ही आत्ता शेक दिला असता की सहा महिने थांबला असतात? एका ठिकाणी या प्रश्नावर थेट पॅकेजचा कागद पुढं आला. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी पाच मिनिटं सगळे व्हिडिओ परत बघितले आणि म्हणाले, मावशी, दोनवर असता तर थांबलो असतो, तीनवर आलात म्हणून आता नको थांबायला.

कानाचा सर्जन आणि रेडिओसर्जरीवाला, दोघांचं मत घ्या. प्रत्येकाला आपलंच हत्यार आवडतं, त्यात वाईट काही नाही, पण दोघं एकाच गोष्टीवर आले तर झोप लागते.

पैसे आणि पॉलिसी

कॅशलेसला पाठवलं की टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था, विचारते, ऑपरेशन नाही, टाका नाही, चोवीस तास अ‍ॅडमिशन नाही, मग क्लेम कसला? तर विम्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयआरडीएआयनं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, जे विमा कंपन्यांनी पॉलिसीतून वगळायचे नाहीत, त्यात स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी नावानिशी आहे. पण कंपनी त्यावर सबलिमिट, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल मर्यादा, लावू शकते, म्हणून पॉलिसीच्या कागदात 'मॉडर्न ट्रीटमेंट' हा भाग शोधा आणि तिथला आकडा बघा. हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर 'स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी' हे शब्द स्पष्ट लिहून घ्या, आमच्या पहिल्या चिठ्ठीत नुसतं 'गामा नाइफ' होतं आणि त्यावरूनच दोन क्वेरी आल्या. एस्टिमेट लेखी घ्या, त्यात फ्रेम, त्या दिवशीचा एमआरआय आणि सीटी धरलाय का विचारा. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मानमध्ये बसतं का हे त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, बाहेरच्या कोणाला विचारू नका.

प्रत्यक्ष तो दिवस

आदल्या रात्री शॅम्पूनं डोकं धुवायचं, तेल नाही. रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या गोळ्यांचं आठवडाभर आधी विचारून ठेवा. मंगळसूत्र, नथ, कानातलं, हेअरपिना घरीच काढा. आत्याची जोडवी पंचवीस वर्षांत निघाली नव्हती, एमआरआयच्या दारात साबण लावून अर्धा तास ओढत होतो आणि मागं रांग.

फ्रेम असेल तर कपाळावर दोन आणि मागं दोन अशा चार जागी बधिर करायचं इंजेक्शन देतात आणि चार स्क्रूंनी हलकी धातूची चौकट बसवतात. इंजेक्शन चांगलंच झोंबतं, हे आधी कोणी सांगत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं डोकं घट्ट आवळल्यासारखं होतं आणि नंतर सवय होते. कवटीच्या आत काही जात नाही, स्क्रू हाडावर फक्त टेकतात, केस कापत नाहीत. आरशात बघू देऊ नका एवढंच. मास्कमध्ये स्क्रू नसतात, गरम करून मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवतात, पण बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्याला तो जड जातो.

फ्रेम घालूनच एमआरआय आणि सीटी. मग प्लॅनिंग, टीम कॉम्प्युटरवर मिलिमीटर मिलिमीटर आखत असते आणि पेशंट बाहेर बसलेला असतो, एक तास, दीड तास, कधी जास्त. खायला-प्यायला देतात, फ्रेममधून पोहे खाता येतात, सांडतात जरा. मशिनमधला वेळ गाठीच्या आकारावर आणि कोबाल्ट किती जुना आहे यावर ठरतो, कारण कोबाल्ट-६० ची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत काहीही. दुखत नाही, गरम लागत नाही, आवाजही जवळजवळ नाही, कॅमेरा आणि माइक चालू असतो, बोलता येतं. आत्या आत झोपून गेली.

बाहेर आल्यावर फ्रेम काढतात, तेव्हा परत जरा ठणकतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. अंगात रेडिएशन राहत नाही, नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या वाड्यात चार दिवस लोक लांबून बोलत होते. स्क्रूच्या जागा कोरड्या ठेवा, डोकं कधी धुवायचं ते विचारून, कपाळाला थोडी सूज येऊन डोळ्यापर्यंत उतरते आणि जाते. स्क्रूच्या जागेतून पू आला किंवा ताप आला तर फोन करा. डोक्याच्या वरच्या कातडीला महिनाभर मुंग्या येतात कधी कधी. डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर शुगरवाल्यांनी घरी रोज तपासावी.

नंतरची दोन वर्षं, खरी परीक्षा

पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग वर्षानं, मग दरवर्षी, आणि काही वर्षं स्थिर राहिली की अंतर वाढवतात. आता हे वाक्य नीट वाचा: सहा ते अठरा महिन्यांच्या मधल्या स्कॅनमध्ये गाठ थोडी सुजून मोठी दिसू शकते. मधला भाग कॉन्ट्रास्ट घेत नाही, काळा दिसतो, म्हणजे आतून मरतेय. रिपोर्टमध्ये मात्र 'साइज वाढली' एवढंच छापून येतं. आमचा नवव्या महिन्याचा रिपोर्ट १४ वरून १६ मिलिमीटर आला, लक्षणं वाढली म्हणून लवकर काढला होता, चेहरा परत थोडा घसरला होता, आणि दुसऱ्या एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख देऊ केली. घरात रडारड. शेक देणाऱ्या टीमनं जुनी आणि नवी सीडी शेजारी लावून तो काळा भाग दाखवला, स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला आणि थांबा म्हणाले. सव्वादोन वर्षांच्या स्कॅनला १३ झाली होती आणि चेहरा परत तीनवर स्थिर.

म्हणून सुजेवरून घाई करू नका, पण आंधळेपणानंही थांबू नका. चेहरा झपाट्यानं चार-पाचवर गेला, तोल जायला लागला, गिळताना ठसका लागतोय, डोकेदुखीबरोबर उलट्या होतायत तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि दोन-तीन वर्षांनंतरही सलग स्कॅनवर वाढतच असेल तर शेक चालला नाही असं समजून ऑपरेशनचं बोलणं होतं.

मधल्या काळात फिजिओथेरपी करा पण चेहऱ्याची माहिती असलेल्याकडे. आरशासमोर हळूहळू छोट्या हालचाली, जोर लावून तोंड वेडंवाकडं करायचं नाही, नाहीतर हसताना डोळा मिटायला लागतो अशी चुकीची जोडणी पक्की होते. करंटच्या मशिनवर आत्यानं आधीच्या दोन वर्षांत बरेच पैसे घालवले होते, शेकानंतरच्या फिजिओनं ते पहिल्या दिवशी बंद केलं.

ऑडिओग्राम दर वर्षी, एमआरआय शक्यतो त्याच सेंटरला त्याच मशिनवर, आणि प्रत्येक वेळी पहिली सीडी बरोबर न्यायची, शेवटची नव्हे, पहिली. गेल्या खेपेला आम्ही ती विसरलो तर डॉक्टरांनी कराडला परत पाठवलं नाही एवढंच, भावानं दुकानातून तीन तास लावून फाइल अपलोड केली.